हळद्या खाली बसतो

माझ्या हाकेनं कुत्रा रस्त्याच्या मधोमध खाली बसला, ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही. कारण ती खरी आहे, आणि खऱ्या गोष्टी सांगायची मला सवय नाही. झालं एवढंच. सकाळी दूध आणायला निघालो, गेट लावायचं राहिलं, आणि हळद्या माझ्या पायांतून निसटून बायपासकडे पळाला. पलीकडे एखादी शेळी ओरडली असेल, नाहीतर वाऱ्यानं पिशवी उडाली असेल. कुत्र्याला तेवढं कारण पुरतं. तो मधल्या पांढऱ्या पट्ट्याशी पोचला आणि कळमनुरीकडून ट्रक आला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हळद्याऽऽ!" तो पळत राहता तर पार झाला असता. माघारी फिरता तरी वाचला असता. त्यानं हाक ऐकली, हे मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेला काय किंमत आहे ते माहीत असूनही. कान टवकारले, शेपटी आपटली, आणि पट्ट्यावर पुढचे पाय नीट मांडून तो खाली बसला; कीर्तनाला आलेल्या माणसानं पुढची जागा धरावी तसा. ट्रकचे ब्रेक असे किंचाळले की माझ्या तोंडातली कवळी हलली. हळद्याच्या मिश्या आणि ट्रकचा बंपर यांच्यामध्ये एक पोळी लाटता आली असती, एवढंच अंतर राहिलं. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला. शिव्या देईल म्हणून मी मान खाली घातली, पण त्यानं नुसतं विचारलं, "चाचा, आपने उसको बुलाया के बिठाया?" आणि गिअर टाकून निघून गेला. प्रश्न मात्र तिथंच उभा राहिला, डिझेलच्या वासासारखा. मी कुत्र्याला उचलून घरी आणलं. वाटेत दूध विसरलो.

मी पोचायच्या आत बातमी पोचली होती. गंगूताई, म्हणजे आमचं कुटुंब, ओट्यावर वाती वळत बसली होती आणि वातीवरून नजर न काढता म्हणाली, "काहून बोलवलंत त्याला?"

"मग काय करू? ट्रक येऊन राहिला होता."

"तुम्ही बोलवलं म्हणून बसला तो. नसतं बोलवलं तर पळून गेला असता बिचारा. एखाद्या दिवशी तुमच्या हाकेनं मरायचा."

"अगं, जनावर आहे ते. त्याला काय कळतं?"

"जनावराबद्दल मी कुठं काय म्हणून राहिले?" असं म्हणून तिनं वात मोडली, म्हणजे आता निकाल येणार. निकाल असा आला: सोयाबीन निघालं की मसाजी धनगराच्या मेंढ्या बायपासपलीकडच्या रानात बसायला येतात. तोवर हळद्या माझ्या एका हाकेला आला तर राहील. नाही आला तर मसाजी त्याला पुसेगावकडं घेऊन जाईल. तिकडं माळ आहे, मेंढ्या आहेत, ट्रक नाही. हे ती रागानं बोलली असती तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण घरातली पहिली पोळी त्याच कुत्र्याला घालणारी बाई हे शांतपणे बोलली, आणि आत जाऊन तिनं त्याच्यासाठी तूप कढवायला घेतलं. तेव्हा मला कळलं की कुत्रा जवळजवळ गेलाच.

आता माणसानं म्हातारपणी कुत्र्यासाठी एवढं हळवं काहून व्हावं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर हट्टा नावाच्या गावी आहे, आमच्या मामांकडं. उन्हाळ्यात आम्ही पोरं तिथं जमलो की मामा गोष्ट सांगत, आणि सुरू करायच्या आधी एकाला हुंकाऱ्याला बसवत. प्रत्येक वाक्यामागं त्यानं 'हं' म्हणायचं. हं आला की गोष्ट पुढं, हं थांबला की गोष्ट बंद, मग राजाची राणी विहिरीत लोंबकळत का राहीना. हुंकारेकरी पेंगू नये म्हणून मामा दर वाक्याला त्याचं नाव घेत. "तर दत्तू, राजा निघाला." हं. "निघाला तर दत्तू, वाटेत बघतो तर काय." हं. मामा असे सांगणारे होते की एकदा त्यांनी गोष्टीत पाऊस पाडला आणि शेजारच्या बाईनं वाळवण आत घेतलं. मी ते पापड मोजले नाहीत, पण खाल्ले आहेत. त्यांच्यापासून मला ती खोड लागली: कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय माझं वाक्य पुढं सरकतच नाही, बैलाला चुचकारल्याशिवाय गाडी हलत नाही तसं. लग्न झालं तेव्हा 'तर गंगू' सुरू झालं. तिचा हुंकार काय होता! पहिल्या साली असा भरलेला, की मी तहसिलीत कारकून असून घरी येईस्तोवर वाटेतच दोन-तीन दरोडे आणि एक भूत जमवून आणायचो. पुढं तो हुंकार पातळ झाला. मग तो स्वयंपाकघरातून यायला लागला. मग त्याच्या जागी भांड्याचा आवाज यायला लागला, आणि एक दिवस तोही आला नाही. नेमका कुठला दिवस ते मला सांगता येणार नाही, कारण मी बोलत होतो. मुलगी अनुश्री हुंकार द्यायची, ती पुण्याला नोकरीला गेली. कचेरीतले सोबती होते, ते पांगले. काही वारले. एक-दोघं तर माझी गोष्ट चालू असतानाच गेले असं गंगू लोकांना सांगते, ते साफ खोटं आहे. एकच गेला.

आणि मग हळद्या आला. मोंढ्यात हळदीचा लिलाव चालू होता आणि एका ढिगावर हे पिल्लू झोपलेलं, नखशिखांत पिवळं. व्यापाऱ्यानं बोटानं उकरलं तेव्हा ढीग शिंकला. मी घरी आणून धुतलं. पहिल्या बादलीचं पाणी गेटाबाहेर गेलं तर गल्लीतल्या दोन लग्नांची हळद त्यात उरकली. दुसरी बादली मी राखून ठेवली आणि आमच्याकडं महिनाभर वरणात हळद घातली नाही. गंगू म्हणते, तो मुळातच तांबूस आहे आणि एका अंघोळीत स्वच्छ झाला. तर हा कुत्रा. दुपारी जेवून मी ओट्यावर खुर्ची टाकतो, हा समोर बसतो, मी म्हणतो, "तर हळद्या," आणि त्याची शेपटी फरशीवर आपटते. धप्. एवढ्या वर्षांनी कुणीतरी 'हं' म्हणालं होतं. ते मी पुसेगावच्या माळावर पाठवून देऊ?

अनुश्रीला फोन लावला. तिनं पुण्यात कुत्रा पाळलेला नाही, पण पाळणाऱ्या लोकांत ती राहते. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे. हाक एकदाच मारायची. आला की काहीतरी भारी खायला द्यायचं, नेहमीची पोळी नाही. औषध पाजायला, अंघोळीला कधी हाक मारायची नाही, तेव्हा आपण उठून जायचं. हाक म्हणजे त्याला कायम आनंदाची बातमी वाटली पाहिजे. आधी घरात, मग अंगणात, मग लांब दोरी बांधून बाहेर. मांजर, शेळी, कचरा, असं एकेक ओढ लावणारं हळूहळू वाढवायचं. आणि बाबा, त्याच्याशी वाद नाही घालायचा."

"वाद कशाला घालू?"

"तुम्ही घालता."

पनीर आणलं. म्हशीचं जुनं दावं काढलं. घरात मी देवघराच्या दाराशी आणि हळद्या न्हाणीपाशी. एकदाच, प्रेमानं म्हटलं, "हळद्या." तो खाली बसला. मी दावं हळूच ओढलं. कुत्रा उठला नाही. बसल्या बसल्या, चेहऱ्यावरची समाधी न मोडता, सबंध खोलीभर घसरत माझ्यापाशी आला, आणि पनीर खाल्लं. पुन्हा न्हाणीपाशी नेला, पुन्हा बसून घसरत आला. असा सराव चालला तेव्हा आमची फरशी इतकी चकचकीत झाली की शेजारच्या बायका विचारायला आल्या, कोणतं लिक्विड वापरता. गंगू म्हणाली, "पनीर." मला सांगायचं हे की अपमानाचाही एक आवाज असतो, तो फरशीवरून घसरणाऱ्या कुत्र्याचा असतो. रात्रंदिवस तो मला ऐकू यायला लागला. तहसिलीत असताना मी लोकांना 'उद्या या' म्हणायचो आणि ते उद्या येत. माझ्या शब्दाला एक वजन होतं. आता एक शेपूटवालं जनावर माझ्या शब्दाला मान देत होतं, मनापासून देत होतं, फक्त चुकीचा. त्यानं ऐकलंच नसतं तर मी समजून घेतलं असतं. पण तो ऐकत होता. त्याला माझ्या हाकेत काहीतरी स्पष्ट ऐकू येत होतं, आणि ते काय हे मला, हाक मारणाऱ्याला, माहीत नव्हतं.

शिट्टीचा प्रयोग केला. तोंडात दोन बोटं घालून जोर लावला, शिट्टी राहिली आत आणि कवळी गेली तुळशीत. हळद्या ती घेऊन आला, हे कबूल केलं पाहिजे. पण न बोलावता. मग पूजेची घंटी घेतली. घंटी वाजली की पनीर. हे त्याला एका सकाळीत कळलं आणि मी गंगूकडं अशा नजरेनं बघितलं की जणू चंद्रावरून परत आलो. पण आमची सगळी कॉलनी देवभोळी आणि कारकुनांची. सकाळी घरोघर घंटी. हळद्या पहिल्या घंटीला पहिल्या घरी, दुसरीला दुसऱ्या, असा आठवडाभर सगळ्यांच्या आरत्या करून यायला लागला. संध्याकाळी कुल्फीवाला आला, त्याच्या मागं तर तो पार खटकाळीपर्यंत गेला. त्याचं वजन वाढलं. लोक म्हणाले, कुत्रा फार धार्मिक आहे, कुणाच्या हाताखाली तयार झाला? मी घंटी परत देवघरात ठेवली.

एवढ्यात पलीकडचं सोयाबीन पिवळं पडून पानं गळायला लागली होती. रोज सकाळी मी गेटाशी उभा राहून त्या रानाकडं बघायचो. दुसऱ्याच्या पिकाकडं माणूस हेव्यानं बघतो. मी ते पीक उभं राहावं म्हणून बघत होतो. मग एक दिवस मळणीयंत्राचा आवाज आला. त्या दुपारी माझं गोष्टीत मन लागेना. तरी सवयीनं खुर्ची टाकली आणि मगरीची गोष्ट काढली. कयाधूला मोठा पूर आला त्या साली सिद्धेश्वरच्या धरणातली मगर हिंगोलीच्या कचेरीत आली ती. धरण पूर्णा नदीवर आणि पूर कयाधूला, मग मगर मधलं अंतर कशी आली, असं विचारणाऱ्याला मी ही गोष्ट सांगत नाही. हळद्यानं कधी विचारलं नाही. "तर हळद्या," मी म्हणालो, "पाणी पायरीला लागलं." आणि त्या दिवशी प्रथमच, मन गोष्टीत नसल्यामुळं, मी सांगता सांगता त्याच्याकडं बघितलं. तर हळद्या, म्हटलं की तो बसला. पुढच्या वाक्याला, तर हळद्या, त्यानं कोपरं टेकली. तर हळद्या, हनुवटी पायांवर. तर हळद्या, एक डोळा मिटला. या कुत्र्यानं आपलं नाव किती वेळा ऐकलं असेल? हजारदा, आणि हजारदा त्याचा अर्थ एकच निघाला होता: आता हा माणूस बोलणार आहे, आपल्याला कुठं जायचं नाही, काही करायचं नाही, निवांत बस. बायपासवर ट्रक अंगावर येत असताना त्याला वाटलं, धनी गोष्ट सांगणार. जीव मुठीत धरून पळायच्या घटकेला त्यानं माझ्यासाठी जागा धरली. बुलाया के बिठाया? मी सुपारी कातरायला थांबलो. हळद्यानं डोळा उघडला, उठला, जवळ येऊन माझ्या गुडघ्यावर ओलं नाक टेकवलं. "तुला नाही सुपारी," मी म्हणालो, आणि तो पुन्हा खाली बसला.

अनुश्री फोनवर इतकी हसली की तिच्या कंपनीतलं कुणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. मग म्हणाली, "बाबा, ते नाव आता झिजलं. नवा शब्द घ्या. असा शब्द, जो तुम्ही दुसऱ्या कशालाही वापरत नाही. त्याचा अर्थ फक्त 'इकडे ये'." मी म्हटलं, त्यात काय, शब्दांना तोटा आहे का माझ्याकडं! आणि खाटेवर पडून शोधायला लागलो. 'ये'? मगरीला मी 'ये, बस' म्हणतोच. 'चल'? दरोडेखोर म्हणतात. 'आव' भूत म्हणतं, ते निजामाच्या काळातलं आहे. 'कम' म्हणून बघितलं, तर हळद्यानं मागं वळून कोण आलं ते पाहिलं. जुने शब्द काढले, आईच्या तोंडचे, मोंढ्यातले, कचेरीतले. बराबर, तकलीफ, तातडीनं, तसदी. एकूणएक शब्द मी कुठल्या ना कुठल्या गोष्टीत जुंपलेला होता. माझी थुंकी लागली नाही असा एक शब्द सापडेना. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत माझ्या छातीवर आलं आणि मला वाटलं, जन्मभर मी बोलत आलो, पण त्या सगळ्यात कुणाला एकदा 'इकडे ये' असं म्हटलं का? म्हटलं असेल तर कोण आलं? मी गंगूला हाक मारून बघितली. आतून आवाज आला, "जागेवरच आहे चहा."

मसाजी आला तो मेंढ्यांचा वास पुढं पाठवून आला. डोक्याला लाल पागोटं, काखेत घोंगडी, हातात कुत्रं बांधून न्यायला नवं सुताडं. मसाजी म्हणजे थापांच्या बाबतीत माझा एकटा तोलामोलाचा माणूस. गेटात टेकला आणि म्हणाला, "वयनीचा निरोप पोचला. कुटं हाय आमचं पोरगं?"

"तुझं कसं? अजून परीक्षा व्हायची आहे."

"कशाला तकलीफ घेता पंत? आमच्याकडं शिकवावं लागत न्हाई. माज्या कुत्र्याला म्या हाक बी मारत न्हाई. नुस्तं मनात आणलं की येतं."

"मग आण बरं मनात."

मसाजीनं डोळे मिटले. रस्त्यापलीकडं त्याचं काळं कुत्रं हाड फोडत होतं. त्यानं आमच्याकडं पाठ केली. "येईल," मसाजी म्हणाला, "आत्ता ऊन हाय." आणि आम्ही दोघं हसत असताना, हसण्यात गेटाची कडी कुणी बघितली नाही. मेंढ्यांच्या वासानं हळद्या सुटला. रस्ता त्या क्षणी मोकळा होता, तो बाणासारखा पार झाला आणि पलीकडच्या रानात मेंढ्यांमध्ये शिरला. लगेच दोन्हीकडून गाड्या सुरू झाल्या. मोंढ्याकडं निघालेले सोयाबीनचे ट्रॅक्टर, त्यांना मागं टाकणारे ट्रक, मधूनच एसटी. हळद्या तिकडं, मी इकडं. तो आता कधीही परत पळत सुटेल, आणि मधे ते सगळं लोखंड. मसाजीचं हसू गेलं. "मारा हाक, पंत," तो हळूच म्हणाला. "न्हाई, नका मारू. न्हाई, मारा."

मी हाक मारली. "हळद्याऽऽ!" आणि तो, मेंढ्यांच्या मधोमध, खाली बसला. आयुष्यात प्रथमच मला त्याचं ते बसणं आवडलं. बसलेला कुत्रा गाडीखाली जात नाही. मग मला सुचलं ते, सुचलं म्हणण्यापेक्षा तोंड उघडंच होतं म्हणून झालं ते असं की, जोवर रस्ता वाहतोय तोवर त्याला बसवून ठेवायचं. आणि बसवायची विद्या मला येते. मी गेटाच्या पायरीवर चढलो आणि ओरडून गोष्ट सुरू केली. "तर हळद्याऽऽ, कयाधूला पूर आला!" ट्रॅक्टर गेला. "तर हळद्याऽऽ, पाणी कचेरीच्या पायरीला लागलं आणि मगर आत आली!" त्यानं कोपरं टेकली. एका ट्रकचा क्लीनर दाराला लोंबकळत पुढचं ऐकायला मान वळवून गेला. "मगर आली आणि दाखल्याच्या रांगेत उभी राहिली! कुणी काही म्हटलं नाही! रांगेत कोण का उभं असेना, पुढचा सरकतो का एवढंच मागचा बघतो!" हळद्याची हनुवटी खाली गेली. मेंढ्याही चरायच्या थांबल्या. मसाजी नंतर म्हणाला की त्यातल्या दोघी रवंथ विसरल्या आणि आजारी पडल्या. घसा फाटत होता. एसटी गेली. धूळ बसली. रस्ता दोन्ही टोकांपर्यंत मोकळा झाला, आणि गोष्ट बरोबर तिथं आली होती जिथं मगर माझ्या खिडकीशी येते, मी वर न बघता म्हणतो, काय काम आहे, "आणि हळद्याऽऽ, मगरीनं तोंड उघडलं — "

आता बोलावायचं. कशानं? शब्द नव्हता. आणि मला गुडघ्यावरचं ओलं नाक आठवलं. सुपारीसाठी थांबलो तेव्हाचं.

मी तोंड बंद केलं.

हे किती अवघड आहे ते, ज्यांना बोलायला येत नाही त्यांना कळायचं नाही. पुढचं वाक्य दातांमागं येऊन उभं होतं, त्याच्यामागं त्याच्या पुढचं, सगळी रांग, आणि खिडकी बंद. आधी कानांत नुसती दाणदाण झाली. मग मला ऐकू यायला लागलं: मसाजीचा श्वास, तारेवर कसलंसं पाखरू, मेंढरांच्या दातांखाली कुरकुरणारा सोयाबीनचा पाला, आत कुकरची शिट्टी, आणि त्या शिट्टीनंतर आत काहीतरी थांबल्याचा आवाज. एवढं सगळं रोजच चालू असतं की काय! पलीकडं हळद्याचा एक कान उभा राहिला. मग डोकं. तो उठला. मसाजीच्या कुत्र्यानं हाड टाकून दिलं होतं, ते त्याच्या वाटेतच पडलेलं. तो थांबला, हाडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या ओठांवर 'ये' आला आणि मी तो गिळला. हळद्यानं हाड ओलांडलं. एक कोकरू त्याच्या पोटाशी दूध शोधायला आलं, त्याला त्यानं चाटून बाजूला सारलं. रस्त्यावर आला, पट्ट्यावर आला, तिथं बसला नाही. पळतही नव्हता. शेजारच्या घरातला रोजचा आवाज अचानक बंद झाला म्हणजे माणूस बघायला येतं, तसा सरळ आला आणि गुडघ्यावर नाक टेकवलं. ओलं, गार, पुसेगावला न जाणारं नाक. खिशातलं पनीर माझ्या लक्षातही राहिलं नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तरीही बोललो नाही.

"काय झालं?" मागं गंगू उभी होती. कोपरापर्यंत कणीक, पदर खांद्यावरून सुटलेला, पायात चप्पल नाही. "छातीत दुखून राहिलं का? बोला ना! काहून गप झालात?"

मी मान हलवली, काही नाही म्हणून. हळद्याकडं बोट केलं. तिनं कुत्र्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, मसाजीच्या हातातल्या सुताड्याकडं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिच्या छातीचा भाता हळूहळू खाली बसला. मग ती चिडली.

"मी म्हटलं गेलातच! मगरीनं तोंड उघडलं आणि पुढं काहीच नाही. असं कधी झालंय का? आणि मागच्या खेपेला ती खिडकीशी कुठं आली होती, दारातच शिपायानं अडवली होती. त्याच्या आधी तर ती मगरही नव्हती, घोरपड होती."

म्हणजे ती ऐकत होती. एवढी वर्षं, भांड्यांच्या आडून, सगळं. मला एकदम त्या भल्या मोठ्या शांततेची लाज वाटली आणि गोडीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटायला म्हातारं व्हावं लागतं.

मसाजी गुडघ्यांवर पुढं सरकला. "ते ऱ्हाऊ द्या वयनी. कुत्रं तुमचंच, म्या न्हेत न्हाई. पर मगरीनं तोंड उघडलं, मंग? मंग काय म्हनली मगर?"

दोघं माझ्याकडं बघायला लागली. हळद्याही. आणि मला काहीच आठवेना. दर खेपेला मगरीनं तोंड उघडलं की बोलायला मीच लागायचो; ती काय सांगायला एवढ्या पुरातून आली होती हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

गंगूनं हातांची कणीक एकमेकांवर चोळून झाडली. ओट्यावरच्या माझ्या खुर्चीत बसली. नवऱ्याचं नाव तिनं या जन्मात कधी घेतलेलं नाही आणि गोष्ट सांगायला तर कुणाचं तरी नाव लागतं. तिनं क्षणभर विचार केला.

"तर हळद्या," ती म्हणाली, "मगरीनं तोंड उघडलं, आणि आत बघतात तर जेवणाचा डबा. मगर म्हणाली, साहेब, हा तुम्ही सकाळी घरी विसरून आलात. गेटाशी एक बाई चप्पल न घालता उभी होती, तिनं पाठवला."

हळद्या खाली बसला.

"हं," मी म्हणालो.